"हे खरे आहे काय? असल्यास..." : सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारून नक्की काय होतं?

पारावरचा

मंडळी, परवा ताप होता म्हणून घरीच होतो. यूट्यूब चाळता चाळता विधानसभेचं कामकाज लागलं, तसंच चालू ठेवलं. प्रश्नोत्तराचा तास होता. एक आमदार तावातावाने काहीतरी विचारत होते, मंत्री उठले, शांतपणे म्हणाले की सन्माननीय सदस्यांची भावना रास्त आहे, तपासून उचित कार्यवाही केली जाईल, आणि बसले. झालं! पुढचा प्रश्न, पुन्हा "तपासून". मी सात वेळा "तपासून" मोजलं, मग गोळीने झोप लागली.

नंतर विधिमंडळाच्या साइटवरून तारांकित प्रश्नांची यादी उतरवून घेतली तर तिथे त्याहून मजा. प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातला. "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :- (१) अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि खाली उत्तर: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही."

तर माझा प्रश्न (उद्भवतो असं धरून) साधा आहे. ह्या सगळ्याचा उपयोग काय? विचारण्याचं कारण असं की आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्सरे मशीन येऊन पडलंय पण चालवायला माणूस नाही, लोक फ्रॅक्चर घेऊन चाळीस किलोमीटर जातात. गावातले दोघंतिघं म्हणतायत आमदारांना सांगून प्रश्न लावू. लावावा का, की वेळ फुकट? अनुभव असतील तर लिहा. पक्षांची धुणी मात्र इथे धुवू नका, हात जोडतो.

झोपाळू_बोका

(१) हे खरे आहे. (२) उपयोग नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही.

उंटावरचा_शहाणा

नौटंकी आहे हो सगळी. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, क्लिप हवी असते. मंत्र्याला उत्तर द्यायचं नसतं, वेळ काढायचा असतो. तासाभराने दोघं कॅन्टीनमध्ये एका टेबलावर. त्यापेक्षा माहितीचा अधिकार टाका, दहा रुपयात काम.

स्पर्धापरीक्षा_तिसरी_वेळ

चला, माझा अभ्यास कुठेतरी कामी येतोय 😄 आधी बेसिक सांगतो.

लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा, सकाळी ११ ते १२. प्रश्नाला * असेल तर तो तारांकित, म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. तारा नसेल तर अतारांकित, लेखी उत्तर पटलावर ठेवलं की विषय संपला, पूरक प्रश्न नाहीत. तिसरा अल्पसूचना प्रश्न, तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या गोष्टीवर कमी मुदतीत विचारायचा, पण त्याला मंत्री तयार असावा लागतो. एका दिवसाच्या यादीत लोकसभेत २० तारांकित आणि २३० अतारांकित. कुणाचा प्रश्न यादीत कितव्या नंबरला हे सोडतीने ठरतं. खात्यांचे गट पाडलेत आणि गटाला वार ठरलाय, त्यामुळे आज मनात आलं आणि आज अर्थमंत्र्याला विचारलं असं होत नाही. नोटीस पंधरा दिवस आधी.

राज्यसभेत १५ तारांकित, १६० अतारांकित. तिथेही सकाळी अकरालाच.

अनुस्वार

तिसरी वेळवाले, चौथी वेळ येऊ नये म्हणून सांगते. राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी १२ वाजता असतो. अकराला बाकीचे विषय.

स्पर्धापरीक्षा_तिसरी_वेळ

ओह. माझं पुस्तक सेकंडहँड आहे 🙏

निवृत्त_कारकून

मी ह्या गाड्याच्या दुसऱ्या बाजूला बरीच वर्षं काढली, खातं सांगत नाही. जरा लांबेल, चालवून घ्या.

टीव्हीवर तुम्ही जे पाहिलंत ते शेपूट. प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आमच्याकडे त्याला कुणी प्रश्न म्हणतच नाही, "एलएक्यू आलाय" म्हणतात (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभा प्रश्न). कागदावर ठळक "विधानसभा तारांकित प्रश्न – तात्काळ". मंत्रालयातला कक्ष अधिकारी आयुक्तालयाला कळवतो, आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला, आणि खाली पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात आणि माहिती उद्या सकाळी हवी असते. पूर्वी फॅक्सच्या मशीनजवळ माणूस बसवून ठेवायचे, आता व्हॉट्सॅपवर फोटो येतो. रात्री आठ वाजता तालुक्याच्या ऑफिसात दिवे दिसले तर समजायचं, चोरी नाही, अधिवेशन चालू आहे.

आता मुद्दा. ती माहिती गोळा करताना साहेबांना पहिल्यांदा कळतं की अरे, हे पद तीन वर्षं रिकामं आहे. आणि ते तसंच लिहून पाठवलं तर मंत्र्याला सभागृहात "हे खरे आहे" म्हणावं लागणार, मग विचारणार "विलंबाची कारणे काय". ते टाळायला काय करतात? उत्तर जायच्या आधी ऑर्डर काढतात. जी फाईल दोन वर्षं हलली नव्हती ती दोन दिवसांत सह्या होऊन खाली येते, आणि उत्तर जातं की "दिनांक अमुकच्या आदेशान्वये पद भरण्यात आले आहे, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही." तुम्ही यादी वाचून हसता, पण त्या "उद्भवत नाही"च्या पोटात पुष्कळदा काम झालेलं असतं.

नेहमी होतं असं म्हणत नाही. पण मी स्वतःच्या हाताने अशा ऑर्डरी टाईप केल्यात.

उंटावरचा_शहाणा

@निवृत्त_कारकून ऑर्डर निघते, माणूस रुजू होतो का? अधिवेशन संपलं की त्याच माणसाची पुन्हा "सेवा वर्ग" करून जिल्ह्याला बदली. पाहिलंय हे.

निवृत्त_कारकून

तेही पाहिलंय. नाकारत नाही.

विलायती_चिंच

लंडनला होते तेव्हा एकदा बुधवारी पब्लिक गॅलरीत बसून पंतप्रधानांचे प्रश्न ऐकले होते, त्याबद्दल लिहिते. दर बुधवारी दुपारी १२ ला अर्धा तास. आधी मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं असायचं, १९९७ ला ब्लेअरने एकत्र केलं. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. आणि गंमत म्हणजे पंतप्रधानांना बहुतेक प्रश्न आधी माहीतच नसतात! कागदावर असतो तो एकच ठरीव प्रश्न, "आजचे तुमचे कार्यक्रम सांगाल का", आणि तो विचारून झाला की त्याच्या आडून खासदार काहीही विचारू शकतो, बसचे मार्ग ते युद्ध. त्यामुळे पंतप्रधान हे एवढं जाड फोल्डर घेऊन येतात, रंगीत चिकटपट्ट्या लावलेलं.

आपल्याकडे पंतप्रधानांना असं दर आठवड्याला उभं का करत नाहीत? लोकसभेत त्यांच्या खात्यांचा वार असतो पण उत्तरं बहुधा राज्यमंत्री देतात.

पत्रावळ

@विलायती_चिंच तुमच्या त्या अर्ध्या तासात माहिती किती बाहेर येते सांगा बरं. हशा, टाळ्या, ओरडा, "ऑर्डर ऑर्डर". मी अधिवेशनं कव्हर केलीत, प्रामाणिकपणे सांगतो, आपला रटाळ लेखी प्रश्न जास्त कामाचा. आमच्या कित्येक बातम्या अतारांकित प्रश्नांच्या पीडीएफमधून निघतात. जिल्हावार आकडा, वर्षवार आकडा, सरकारने स्वतः सही करून दिलेला, नंतर "आम्ही असं म्हटलंच नाही" म्हणता येत नाही. सभागृहात चुकीची माहिती दिली तर हक्कभंग येऊ शकतो ही भीती असते, त्यामुळे त्या कागदातला शब्द न् शब्द चाळणीतून जातो.

बाकी देशांचं म्हणाल तर कॅनडात रोज पंचेचाळीस मिनिटं प्रश्न असतात, विचारायला साधारण ३५ सेकंद आणि उत्तराला ३५. एवढ्या वेळात आपले सन्माननीय सदस्य "अध्यक्ष महोदय, आपण मला बोलण्याची संधी दिलीत" इथपर्यंतच पोचतात.

मुंगळा

ऑस्ट्रेलियात सरकारी बाकावरचेच लोक मंत्र्याला गोडगोड प्रश्न विचारतात, "आपण केलेल्या थोर कामाची माहिती द्याल का" टाईप. त्याला तिकडे डोरोथी डिक्सर म्हणतात, वर्तमानपत्रात सल्ल्याचं सदर चालवणाऱ्या एका बाईंच्या नावावरून, त्या म्हणे वाचकांचे प्रश्न स्वतःच लिहायच्या. आपल्याकडे ह्याला शब्द आहे का? प्रकार तर भरपूर आहे.

झोपाळू_बोका

घरचंच कीर्तन.

अनुस्वार

😂 छान आहे.

पण सत्ताधारी बाकावरचे सगळेच गोड विचारतात असं नाही हां. मुंदडा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटीच्या आसपास रक्कम मोजून घेतले, कंपन्या आधीच डबघाईला आलेल्या. आधी लोकसभेत प्रश्न आले, उत्तरं गुळमुळीत. मग १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधी उभे राहिले, काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, आणि कागदपत्रं काढून अर्थखात्याची सालटी काढली. छगला आयोग बसला, मुंबईत उघड सुनावण्या झाल्या, लोक गर्दी करून ऐकायला जायचे. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा राजीनामा. सुरुवात कुठून झाली? एका प्रश्नापासून.

उंटावरचा_शहाणा

१९५७. म्हणजे यशाचं उदाहरण द्यायला माझ्या वडिलांच्या जन्माच्या आधी जावं लागतंय. माझा मुद्दा सिद्ध झाला, धन्यवाद.

सुगरणीचा_खोपा

अजून मागे जाऊ का? १८६१ च्या कायद्याने जी कौन्सिलं बनली तिथे प्रश्न विचारायला परवानगीच नव्हती. १८९२ च्या कायद्याने मिळाली, तीही नुसता प्रश्न, पूरक नाही. म्हणजे साहेब काय उत्तर देईल ते ऐकून गप्प बसायचं. १९०९ ला मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पूरक विचारायची मुभा आली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही. म्हणजे पूरक प्रश्न ही गोष्ट भांडून, तुकड्यातुकड्याने मिळवलीय.

आणि पहिला प्रश्न काय होता माहितीये? फेब्रुवारी १८९३, भिंग्याच्या राजांनी विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर आले की त्यांच्या छावणीला रसद पुरवताना गावातल्या दुकानदारांना जो त्रास होतो त्याबद्दल.

झोपाळू_बोका

म्हणजे साहेब दौऱ्यावर आले की कोंबडी कुणी आणायची हा प्रश्न १८९३ पासून प्रलंबित आहे.

निवृत्त_कारकून

"माहिती संकलित करण्यात येत आहे."

पारावरचा

😂😂 अरे वा, धागा जोरात पळतोय. सुगरण, पूरक प्रश्नाचं जरा अजून सांगा ना कुणीतरी. मी जे पाहिलं त्यात पूरक म्हणजे प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघाचं रडगाणं गात होता, मूळ प्रश्न बाजूलाच.

पत्रावळ

तोच तर रोग आहे. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला आधी दोन पूरक, मग अध्यक्षांच्या मर्जीने इतरांना. आपल्या विधानसभेत एकेका प्रश्नाखाली वीसवीस आमदारांची नावं असतात, यादीत बघा, नावांचाच परिच्छेद भरतो. मग प्रत्येकाला वाटतं माझ्याही तालुक्याचं होऊन जाऊ दे. विषय बीडचा, पूरक भिवंडीचा. मंत्री अशा वेळी मनातून खूष असतो, कारण बीडमधून सुटला.

चांगला पूरक म्हणजे कसा? छोटा. उत्तर आधी वाचून, त्यातली फट शोधून विचारलेला. मंत्र्याने लिहिलंय "कारवाई करण्यात आली", तर एवढंच विचारायचं: कुणावर, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली? बस्स. भाषण नको. मधु लिमयेंबद्दल जुने वार्ताहर सांगायचे ते हेच, नियमांचं पुस्तक पाठ आणि कागद हातात, त्यामुळे ते उठले की मंत्री आपले कागद चाळायला लागायचे.

निवृत्त_कारकून

बरोबर. आणि पलीकडच्या बाजूचंही ऐका. उत्तराबरोबर आम्ही "पूरक टिपणी" करून द्यायचो. मूळ उत्तर दहा ओळी, टिपणी तीस पानं. सदस्य काय काय विचारू शकतात ह्याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्येकाचं उत्तर तयार ठेवायचं. सकाळी मंत्र्यांच्या बंगल्यावर ब्रीफिंग. काही मंत्री पूर्ण वाचून यायचे आणि आम्हालाच उलटे प्रश्न विचारून घाम फोडायचे, काही गाडीतून उतरता उतरता विचारायचे, "आज काय आहे रे आपलं?"

सभागृहात अधिकारी गॅलरीत बसतात. अनपेक्षित पूरक आला की चिठ्ठी लिहायची, शिपायाच्या हाती द्यायची, ती मंत्र्यापर्यंत पोचेपर्यंत मंत्री "अध्यक्ष महोदय, हा अतिशय महत्त्वाचा विषय आहे" वगैरे बोलत वेळ काढतात. पुढच्या वेळी बघा, मंत्री उगाच प्रस्तावना करायला लागले की समजायचं चिठ्ठी वाटेत आहे. आणि उत्तर अगदीच पांगळं असेल तर अध्यक्ष प्रश्न "राखून ठेवतात". म्हणजे नीट तयारी करून पुन्हा या. खात्याची त्याहून मोठी नाचक्की नाही. मंत्रालयात परत येताना लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे.

एक तक्रार मात्र आहे माझी. सभागृह तापलं की मंत्री तिथल्या तिथे निलंबन जाहीर करतात. बाकं वाजतात. आणि निलंबित कोण होतो? ज्याच्या टेबलावर शेवटची सही तो. वरून तोंडी सांगणारा गॅलरीतच बसलेला असतो, चिठ्ठ्या लिहीत.

काकूंचा_भाचा

हे वाचून अंगावर काटा आला, माझी आत्या अशीच गेली होती आठ महिने घरी. चौकशीत निर्दोष निघाली पण ती बातमी कुठे आली नाही.

उंटावरचा_शहाणा

बरं मला एक सांगा, पैसे घेऊन प्रश्न विचारतात त्याचं काय? ते कुणीच बोलत नाहीये.

अनुस्वार

बोलू की. पहिलं प्रकरण १९५१ चं, हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुदगल, बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन त्यांच्या फायद्याचे प्रश्न मांडणं वगैरे. सभागृहाच्या समितीने दोषी ठरवलं, हकालपट्टीच्या ठरावाआधी त्यांनी राजीनामा दिला.

मग डिसेंबर २००५. वाहिनीवर स्टिंग दाखवलं, पैसे घेताना खासदार कॅमेऱ्यात. २३ डिसेंबरला ११ जणांची हकालपट्टी, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक. विशेष म्हणजे एकाच पक्षाचे नव्हते, सर्वपक्षीय सहकार्य. त्यातला एक प्रश्न तर जगात अस्तित्वातच नसलेल्या जर्मन रेल्वे इंजिनाबद्दल होता, पत्रकारांनी मुद्दाम कादंबरीतल्या पात्राचं नाव दिलेलं! सही करणाऱ्याने वाचलाच नव्हता. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हकालपट्टी कायम ठेवली.

म्हणून मला पैशापेक्षा हे जास्त खुपतं, की प्रश्न आपला नसतोच. कुणीतरी छापील अर्ज भरतो, पीए सही घेतो. २००९ च्या नोव्हेंबरात एक दिवस असा आला की लोकसभेत ज्यांचे प्रश्न लागले होते त्यातले तीसहून जास्त खासदार सभागृहातच नव्हते, अध्यक्षा मीरा कुमार नावं पुकारतायत आणि बाक रिकामे. तास वेळेआधीच गुंडाळावा लागला.

स्पर्धापरीक्षा_तिसरी_वेळ

२० प्रश्नांना तीसहून जास्त कसे?

अनुस्वार

एका प्रश्नावर दोन-दोन नावं असतात. शाब्बास, हे विचारलंत म्हणजे पूरक प्रश्न जमतोय तुम्हाला.

मुंगळा

आणि एरवी वीसपैकी चारपाचच तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर. वीसच्या वीस झाले असं २७ नोव्हेंबर २०१९ ला घडलं तर त्याची बातमी झाली, कारण त्याआधी १९७२ मध्ये घडलं होतं!

सुगरणीचा_खोपा

सप्टेंबर २०२० ला करोनात तर प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता, फक्त लेखी उत्तरं. चीन युद्धाच्या वेळी १९६२ ला पण नव्हता. तेव्हा लोकांनी बोंब मारली ती कशासाठी, विचार करा. काहीच उपयोग नसता तर वगळल्याचं कुणाला वाईट वाटलं असतं?

आमच्याकडे १९९४ च्या शेवटी दूरदर्शनवर थेट दाखवायला लागले तेव्हा आजोबा आंघोळ लवकर उरकून बसायचे. एक आठवडा लोकसभा, एक आठवडा राज्यसभा. मधु दंडवते, नाथ पै ह्यांना ऐकलेली माणसं ती, नव्या खासदारांचं बोलणं ऐकून नुसते "छ्या" म्हणायचे, पण बघणं सोडलं नाही.

पारावरचा

मूळ मुद्द्यावर येऊ का? एक्सरे मशीन अजून तिथेच आहे 🙂 उंटावरच्या शहाण्यांनी माहिती अधिकार सुचवला, तो आम्ही टाकला होता. उत्तर आलं: मंजूर पद एक, भरलेलं पद शून्य. एवढं कळलं, पुढे काय?

पत्रावळ

पुढे हाच कागद आमदारांच्या हातात द्या. माहिती अधिकारात माहिती मिळते, मंत्री उभा राहत नाही. दोन्ही एकमेकांच्या बदली नाहीत, पाठोपाठ वापरायचे आहेत.

आणि तुमच्या त्या "तपासून कार्यवाही करू"बद्दल एक गंमत सांगायची राहिली. ते वाटतं तितकं पोकळ नाही. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती आहे, १९५३ पासून. त्यांच्याकडे वाक्प्रयोगांची यादीच आहे: "मी ह्यात लक्ष घालीन", "विषय विचाराधीन आहे", "माहिती घेऊन पटलावर ठेवू". ह्यातलं काही मंत्र्याच्या तोंडून निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं किंवा मुदतवाढ मागायची. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. पाठपुरावा कमी पडतो, कारण आमदारालाच आठवण राहत नाही. तुम्ही ठेवा. तारीख, प्रश्न क्रमांक, मंत्र्याचं नेमकं वाक्य एका वहीत.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मंत्री सात वेळा "तपासून" म्हणाले ती सात आश्वासनं? 🤔 हे माहीत नव्हतं. ठीक आहे, अर्धा इंच उंटावरून खाली उतरतो.

पारावरचा

कालच आमदारांच्या पीएशी बोललो. म्हणे अधिवेशन तोंडावर आलंय, तारांकितची मुदत गेली, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) टाकू नियम १०५ खाली, नाहीतर पुढच्या अधिवेशनाला तारांकित. "मजकूर तुम्हीच लिहून द्या" म्हणाला! आता आली का पंचाईत. मी असं लिहिलंय, पुढच्या वेळचं तारांकित धरून:

"(१) आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात ३ वर्षांपासून एक्सरे मशीन धूळ खात पडले असून गोरगरीब जनतेचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासन झोपले आहे काय?"

झोपाळू_बोका

दुसऱ्या प्रश्नावर माझा आक्षेप आहे.

निवृत्त_कारकून

पारावरचे भाऊ, राग मानू नका, पण ह्याचं उत्तर मी झोपेत लिहून देईन. "(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही."

का ते सांगतो. मशीन ३ वर्षांऐवजी २ वर्षं ११ महिने पडलं असेल, तर "हे खरे नाही". "अतोनात हाल" हे मोजता येत नाही, तर "हे खरे नाही". एका वाक्यात चार गोष्टी कोंबल्या की एक खोटी ठरवून चारही उडवता येतात. म्हणून एका कलमात एकच गोष्ट. तारीख असेल तिथे "रोजी वा त्या सुमारास" लिहा, हे चार शब्द फार मोलाचे आहेत, यादीत उगीच नसतात ते. टोमणे काढा, ते अध्यक्षांच्या कार्यालयातच कापले जातात. आणि "का" विचारू नका, "किती, कधी, कोणी" विचारा. "का"ला निबंध येतो.

अनुस्वार

मी जुळवून बघते:

"(१) ... येथील ग्रामीण रुग्णालयात माहे ... मध्ये वा त्या सुमारास एक्सरे मशीन प्राप्त झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर मशीन चालविण्यासाठी तंत्रज्ञाचे एक पद मंजूर असून ते रिक्त आहे, हे खरे आहे काय, (३) असल्यास, मशीन प्राप्त झाल्यापासून आजतागायत त्यावर किती रुग्णांची तपासणी करण्यात आली, (४) उक्त पद कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येणार आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तिसरं कलम मुद्दाम टाकलंय. तिथे शून्य लिहावं लागेल, आणि शून्य लिहायला कुणालाच आवडत नाही.

पत्रावळ

सुंदर. आणि पारावरचे, मंत्र्यांचं उत्तर पदाबद्दल आलं तर पूरकसाठी आमदारांना एक वाक्य लिहून द्या: मशीनची वॉरंटी कधी संपते? सुरूच न झालेल्या मशीनची वॉरंटी संपत आली असेल तर ते टिपणीत नसणार, चिठ्ठी नक्की लागेल.

पारावरचा

वा! वॉरंटीचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या रुग्णालयात जाऊन त्या खोक्यावरचं लेबल वाचून येतो. खोकं अजून उघडलेलंच नाहीये म्हणा. अनुस्वार ताई, तुमचाच मजकूर देतो पीएला, चालेल ना?

अनुस्वार

बिनधास्त द्या. पैसे घेत नाही 😄

निवृत्त_कारकून

एक बारीक दुरुस्ती. "एक्सरे मशीन" काढा आणि साठा नोंदवहीत जे नाव असेल ते लिहा, बहुधा "क्ष-किरण यंत्र" असेल. नाहीतर उत्तर यायचं, असे मशीन रुग्णालयात प्राप्त झालेले नाही.